बदलता येणारा शेल

युनिक्स किंवा लिनक्ससारख्या, मजकुराच्या ओळींवर चालणाऱ्या प्रणालीत माणसाने टंकलेली आज्ञा गाभ्यापर्यंत, म्हणजे कर्नलपर्यंत, थेट जात नाही. मध्ये एक दुभाषा असतो. तो ओळ वाचतो, तिचे शब्द सुटे करतो, चांदणीच्या खुणेऐवजी जुळणाऱ्या फाइलींची नावे भरतो, सांगितलेला प्रोग्राम कोणत्या डिरेक्टरीत आहे ते शोधतो, तो सुरू करतो आणि त्याचे काम आटोपले की पुढच्या ओळीसाठी पुन्हा हजर होतो. या दुभाष्याला शेल म्हणतात. वापरणाऱ्याला तो प्रणालीचाच चेहरा वाटतो. कर्नलच्या लेखी मात्र तो इतर कोणत्याही प्रोग्रामसारखाच असतो. त्याला कसलाही खास अधिकार नसतो. पर्यायी शेल वापरण्याची सगळी मुभा या एका गोष्टीतून आली आहे.

युनिक्सवर प्रत्येक वापरकर्त्याची एक ओळ पासवर्डच्या फाइलीत असते. अपूर्णविरामांनी वेगळे केलेले तिचे सात रकाने असतात आणि सातव्या रकान्यात त्या माणसाच्या शेलचा पत्ता लिहिलेला असतो. लॉगिन झाले की तो रकाना वाचला जातो आणि तिथला प्रोग्राम सुरू होतो. तिथे शेलऐवजी मजकूर-संपादकाचे नाव लिहिले तर लॉगिन करताच संपादक उघडेल आणि तो बंद केला की लॉगिनही संपेल; प्रणालीची त्याला काही हरकत नसते. एकाच यंत्रावर दहा जणांनी दहा वेगळे शेल वापरले तरी कोणामुळे कोणाचे अडत नाही.

डॉसवरही शेल बदलता येई, पण तो सगळ्या यंत्राचा बदले. यंत्र सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या कॉन्फिग.सिस या फाइलीत ‘शेल’ या शब्दाने सुरू होणारी ओळ लिहिली की नेहमीच्या कमांड.कॉमऐवजी दुसरा प्रोग्राम आज्ञा ऐकू लागे. रेक्स कॉन आणि टॉम रॉसन यांचा १९८९ मधला फोरडॉस हा त्यांतला सर्वांत नावाजलेला. आठ अक्षरांच्या नावात फाइल कशाची आहे ते सांगता येत नसे, अशा काळात तो प्रत्येक फाइलीला छोटे वर्णन जोडू देई. इंग्लंडमध्ये बर्कशरमधल्या हंगरफर्डच्या केंद्रात डिजिटल रिसर्च कंपनीने घडवलेल्या डीआर-डॉसमध्ये आधी दिलेल्या आज्ञा परत बोलावण्याची सोय मूळ प्रणालीतच होती. तरी पर्यायी शेलची खरी परंपरा युनिक्सचीच, आणि तिची मुळे ब्रिटनमध्ये बरीच खोल गेलेली आहेत.

शेल हा शब्द लुई पूझां या फ्रेंच अभियंत्याचा. अमेरिकेत एमआयटी येथील सीटीएसएस या प्रणालीवर काम करताना त्यांनी १९६३-६४ च्या सुमारास ‘रनकॉम’ नावाचा प्रोग्राम लिहिला. फाइलीत लिहून ठेवलेल्या आज्ञा तो एकामागून एक चालवी. आजही शेलच्या सेटिंगच्या फाइलींच्या नावाअखेर ‘आरसी’ ही दोन अक्षरे असतात, ती या रनकॉमचीच आठवण. पुढे मल्टिक्स या प्रणालीची आखणी सुरू असताना पूझां यांनी आज्ञांची भाषा प्रोग्रामिंगच्या भाषेसारखी असावी अशी कल्पना मांडली. तिचा पाया त्यांना ख्रिस्तोफर स्ट्रेची या ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञाच्या कामात सापडला, असे त्यांनीच नोंदवले आहे.

स्ट्रेची त्या काळी केंब्रिज विद्यापीठात होते. १९६५ मध्ये त्यांनी ऑक्सफर्डला प्रोग्रामिंग संशोधनाचा गट उभा केला. त्यांचा ‘जनरल पर्पज मॅक्रोजनरेटर’ मजकूर घेई आणि त्यातल्या ठराविक नावांच्या जागी दुसरा मजकूर ठेवी. त्यात दोन अवघड प्रश्न नीट सोडवलेले होते: बदलायच्या मजकुराला बाहेरून मूल्ये कशी पुरवायची, आणि मजकुराचा एखादा तुकडा जसाच्या तसा ठेवायचा असेल तर त्याला अवतरणात कसे गुंडाळायचे. शेल शिकणाऱ्याला आज सर्वांत जास्त छळतात ते नेमके हेच दोन प्रश्न. डॉलरच्या खुणेने सुरू होणारे चल कधी उलगडते, एकेरी अवतरणात ते का उलगडत नाही आणि दुहेरी अवतरणात का उलगडते, याचे उत्तर शेलच्या या पूर्वजात आहे. शेल मुळात मजकुराची अदलाबदल करणारे यंत्र आहे. आज्ञा चालवणे ही त्याची शेवटची पायरी. हे एकदा ध्यानात आले की शेलच्या पुष्कळशा विचित्र वाटणाऱ्या वागण्याचा उलगडा होतो.

अमेरिकेतील बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत केन थॉम्प्सन यांनी लिहिलेला शेल १९७१ मध्ये युनिक्सच्या पहिल्या आवृत्तीबरोबर आला. तो फार लहान होता. त्यात चले नव्हती. चांदणीच्या खुणेचा विस्तार करायला ‘ग्लॉब’ हा वेगळा प्रोग्राम होता. ‘जर अमुक तर तमुक’ सांगायचे असेल तर ‘इफ’ हाही वेगळा प्रोग्राम, आणि आज्ञांच्या फाइलीत दुसऱ्या ओळीवर उडी मारायची असेल तर ‘गोटू’ हाही वेगळाच. हा गोटू शेलने उघडलेल्या फाइलीतले वाचनाचे ठिकाण पुढेमागे सरकवी आणि स्वतः संपून जाई. शेल नकळत नव्या जागेपासून पुढे वाचू लागे. क्लृप्ती चतुर होती, पण तिच्यावर मोठे लिखाण उभे राहण्यासारखे नव्हते.

शेलमध्ये प्रत्येक आज्ञेसाठी नवी प्रक्रिया जन्माला येते. शेल आधी स्वतःची प्रत काढतो, ती प्रत हव्या त्या प्रोग्रामचे रूप घेते आणि मूळ शेल तिची वाट पाहत थांबतो. आज्ञेचे उत्पादन फाइलीत वळवायचे असेल तर ते काम या दोन पायऱ्यांच्या मधल्या क्षणी होते, त्यामुळे चालणाऱ्या प्रोग्रामला त्याचा पत्ताही लागत नाही. या रचनेत एक आज्ञा ठळकपणे फसते: डिरेक्टरी बदलण्याची. प्रतीने डिरेक्टरी बदलली तर प्रतीबरोबरच तो बदल नाहीसा होतो. युनिक्सच्या बाल्यावस्थेत ही अडचण खरोखर उद्भवली होती, आणि तेव्हापासून ही आज्ञा शेलच्या आतच बसवलेली असते. नवा शेल लिहिणाऱ्या प्रत्येकाला हा धडा पहिल्याच आठवड्यात मिळतो.

थॉम्प्सन यांचा शेल अपुरा पडू लागला तेव्हा बेल लॅब्जमध्ये जॉन मॅशी यांनी त्यात भर घातली. पण नव्याने मांडामांड केली ती स्टीव्हन बॉर्न यांनी. बॉर्न हे इंग्रज गणितज्ञ. लंडनच्या किंग्ज कॉलेजातून गणिताची पदवी घेऊन ते केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेले आणि तिथे त्यांनी डॉक्टरेट मिळवली. चंद्राच्या गतीची लांबलचक बीजगणिती सूत्रे संगणकाकडून सोडवून घेणे हा त्यांचा तिथला विषय. त्याच काळात मायकेल गाय यांच्यासह त्यांनी अल्गॉल ६८ या भाषेचा कंपायलर केंब्रिजच्या संगणक प्रयोगशाळेत रचला.

अल्गॉल ६८ चे ब्रिटनशी नाते निकटचे होते. भाषेचा आराखडा आंतरराष्ट्रीय समितीचा आणि त्यामागची मुख्य बुद्धी डच गणितज्ञ आद्रियान व्हान वाइनगार्डन यांची. पण तिचा पहिला खरोखर चालणारा कंपायलर १९७० मध्ये इंग्लंडमधील माल्व्हर्नच्या रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमध्ये तयार झाला. त्या भाषेत प्रत्येक रचना आपला शेवट आपणच सांगते. ‘इफ’ या शब्दातली आय आणि एफ ही अक्षरे उलटी करून ‘फाय’ लिहिले की अट संपली. ‘केस’ उलटा करून ‘एसॅक’ लिहिला की पर्यायांची यादी संपली. मराठीत सांगायचे तर ‘जर’ने उघडलेले वाक्य ‘रज’ने मिटवावे, तसे.

बॉर्न १९७५ मध्ये बेल लॅब्जमध्ये गेले आणि ही पद्धत त्यांनी शेलमध्ये आणली. १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर त्यांचा शेल बाहेर पडला. अल्गॉलमध्ये ‘डू’ने सुरू झालेली पुनरावृत्ती ‘ओडी’ने संपते, ते मात्र शेलमध्ये जमले नाही, कारण ‘ओडी’ या नावाचा, फाइलीतले अंक अष्टमान पद्धतीत दाखवणारा प्रोग्राम युनिक्सवर आधीपासून होता. म्हणून तिथे ‘डन’ आले. आज जगभरच्या सर्व्हरवर चालणाऱ्या असंख्य फाइलींत ‘फाय’, ‘एसॅक’ आणि त्यांच्या शेजारी जोडीत न बसणारा ‘डन’ दिसतो, त्याचे कारण एवढेच.

उलट्या शब्दांची ही गंमत वरवरची आहे. खरे मोल आतल्या रचनेचे. बॉर्न यांच्या शेलमध्ये अट आणि पुनरावृत्ती याही आज्ञाच असतात. त्यामुळे एखाद्या आज्ञेचे उत्पादन जसे दुसरीकडे वळवता येते, तसे संपूर्ण पुनरावृत्तीचे उत्पादन पाइपमधून पुढच्या प्रोग्रामला देता येते. एका आज्ञेचे उत्पादन दुसऱ्या आज्ञेच्या ओळीत मजकूर म्हणून बसवता येते. फाइलीतच लिहिलेला मजकूर प्रोग्रामला वाचायला देता येतो. चुकांचे संदेश वेगळे वळवता येतात. या सोयींमुळे शेल ही काम करण्याजोगी भाषा झाली. बॉर्न यांनी सी या भाषेतला आपला मूळ प्रोग्रामही मॅक्रोंच्या आधारे अल्गॉलसारखा दिसेल असा लिहिला होता. वाचणारे त्याने इतके चक्रावत की दुर्बोध सी प्रोग्रामांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा १९८४ मध्ये सुरू होण्यामागे त्याचाही हात होता.

त्याच सुमारास कॅलिफोर्नियात बर्कली येथे बिल जॉय यांनी सी शेल लिहिला. त्याचा भर टंकणाऱ्या माणसावर होता: मागच्या आज्ञा परत बोलावणे, लांब आज्ञांना टोपणनावे देणे, आपल्या घरच्या डिरेक्टरीसाठी लाटेसारखी एक खूण वापरणे. फाइलीत लिहून ठेवण्याची भाषा म्हणून मात्र तो कच्चा होता. त्यात केवळ चुकांचे संदेश वेगळे वळवण्याची सरळ वाटही नाही. परिणामी अनेक जण टंकायला सी शेल आणि लिहायला बॉर्न शेल वापरू लागले. ही विभागणी या विषयाचा कणा आहे. शेलकडे दोन वेगळी कामे असतात: समोर बसलेल्या माणसाची आज्ञा ऐकणे आणि लिहून ठेवलेली फाइल चालवणे. पहिल्या कामात सोय, आठवण आणि सुचवणी मोलाच्या. दुसऱ्यात वेग आणि सगळीकडे सारखे वागणे. एका शेलने दोन्ही उत्तम करावीत असा आग्रह धरला की निवड चुकते.

डेव्हिड कॉर्न यांनी १९८३ मध्ये लोकांपुढे आणलेल्या शेलने बॉर्न यांची भाषा राखून सी शेलच्या सोयी घेतल्या. ब्रायन फॉक्स यांनी १९८९ मध्ये ग्नू प्रकल्पासाठी बॅश आणला. त्याच्या नावात बॉर्न यांच्या नावावर श्लेष आहे, आणि लिनक्सबरोबर तोच सर्वदूर पोहोचला. १९९२ च्या पॉसिक्स मानकाने शेलची किमान भाषा ठरवून दिली. ती बॉर्न आणि कॉर्न यांच्या वंशातली आहे.

झेडशेल १९९० मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टनला पॉल फालस्टॅड या विद्यार्थ्याने लिहिला. पुढे बरीच वर्षे त्याच्या विकासाचे समन्वयन केंब्रिजमध्ये काम करणारे पीटर स्टीफन्सन करत आले. त्याची पूर्तता, म्हणजे अर्धवट टंकलेली ओळ ओळखून पुरी करण्याची सोय, अतिशय समृद्ध आहे. अॅपलने २०१९ मध्ये नव्या खात्यांसाठी बॅश सोडून झेडशेल निवडला. बॅशमधून येणाऱ्याला त्यात तीन ठिकाणी ठेच लागते. याद्यांची मोजणी शून्याऐवजी एकापासून होते. अवतरणाबाहेरचे चल मोकळ्या जागांवर तुटत नाही. आणि चांदणीला एकही फाइल जुळली नाही तर आज्ञा चालतच नाही. यातले दुसरे वागणे बॅशपेक्षा शहाणपणाचे आहे, पण सवयीपुढे शहाणपण पहिल्या दिवशी उपयोगी पडत नाही. २००५ मधला फिश त्याहून पुढे गेला. त्याने बॉर्न यांचे व्याकरणच सोडले. तिथे ‘फाय’ नाही, ‘एसॅक’ नाही, सगळे ‘एंड’ने संपते. टंकताना तो आधीच्या आज्ञांवरून पुढचा मजकूर फिकट रंगात सुचवतो. नवशिक्याला तो सर्वांत लवकर आपला वाटतो, मात्र पुस्तकातली बॉर्न पद्धतीची ओळ त्यात जशीच्या तशी चालेल याची खात्री नसते.

लिहिलेल्या फाइलींच्या बाजूने उलट दिशेची निवड झाली. लंडनमध्ये मुख्यालय असलेल्या कॅनॉनिकल कंपनीच्या उबुंटू या लिनक्सने ऑक्टोबर २००६ च्या आवृत्तीत ‘एसएच’ या नावामागचा बॅश काढून डॅश हा लहान शेल ठेवला. यंत्र सुरू होताना शेकडो छोट्या फाइली शेलकडून चालवल्या जात आणि बॅश त्या कामाला जड होता. लोकांच्या टंकण्याचा शेल बॅशच राहिला. बदल होताच अनेकांच्या फाइली मोडल्या: वर ‘एसएच’ लिहून आत बॅशच्या खास सोयी वापरलेल्या होत्या, उदाहरणार्थ दुहेरी चौकटी कंसातल्या अटी आणि याद्या. चूक डॅशची नव्हती. फाइलीच्या पहिल्या ओळीत एक वचन दिलेले होते आणि आत ते मोडलेले होते. डेबियन या लिनक्सनेही २०११ च्या आवृत्तीत हाच मार्ग घेतला.

या विभागणीचा एक फायदा २०१४ मध्ये दिसला. ब्रिटनमध्ये काम करणारे स्टेफान शाझेला यांना बॅशमध्ये पंचवीस वर्षे दडून राहिलेला दोष सापडला आणि १२ सप्टेंबरला त्यांनी तो बॅशचे देखभालकर्ते चेट रॅमी यांना कळवला. बॅश आपली फंक्शने पर्यावरणातल्या चलांमधून पुढच्या बॅशला देतो; अशा चलात फंक्शनच्या पुढे आणखी आज्ञा चिकटवली तर ती वाचता वाचताच चालवली जाई. वेब सर्व्हर बाहेरून आलेला मजकूर अशाच चलांत भरून प्रोग्रामांना देत असल्याने धोका मोठा होता. २४ सप्टेंबरला ‘शेलशॉक’ नावाने तो जाहीर झाला. जिथे ‘एसएच’मागे डॅश होता तिथे हल्ल्याच्या अनेक वाटा मुळातच बंद होत्या.

शेलची भाषा चिन्हांची आहे आणि ब्रिटनमध्ये या चिन्हांनी वेगळाच त्रास दिला. सात बिटांच्या संकेतांच्या ब्रिटिश मानकात ३५ या क्रमांकावर # ऐवजी £ होते आणि १२६ वर लाटेऐवजी वरची आडवी रेघ. त्यामुळे या मानकाच्या टर्मिनलवर शेलच्या फाइलीतली टिपेची ओळ पौंडाच्या चिन्हाने सुरू होताना दिसे. यंत्राला अर्थ तोच कळे. आठ बिटांचे संकेत आल्यावर हा घोळ मिटला, पण कळफलकावर राहिला. केंब्रिजमध्ये घडलेला आणि २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीला आलेला रास्पबेरी पाय बरीच वर्षे मूळ सेटिंगमध्ये ब्रिटिश कळफलक गृहीत धरत असे. भारतात मिळणारे कळफलक बहुधा अमेरिकी मांडणीचे. तीन आकड्यावरचे # दाबले की £ उमटते, दोनावरचे @ दाबले की दुहेरी अवतरण, आणि पाइपची उभी रेघ तर नेहमीच्या जागी सापडतच नाही. शेल शिकायला बसलेल्या विद्यार्थ्याला दोष शेलचा वाटतो. कळफलकाची मांडणी बदलली की तो नाहीसा होतो.

देवनागरी वापरणाऱ्यांच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. बॉर्न यांच्या मूळ शेलमध्ये एखादे अक्षर अवतरणात आहे याची खूण त्या अक्षराच्या आठव्या बिटात ठेवली जाई, कारण इंग्रजीला सात बिट पुरत होते. थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये रचलेल्या यूटीएफ-८ संकेतात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि त्या प्रत्येकाचा आठवा बिट चढलेला असतो. ‘मराठी’ या शब्दाचे असे पंधरा बाइट होतात. त्या शेलने या पंधरांचेही वरचे बिट कापून टाकले असते. सिस्टिम फाइव्ह या युनिक्सच्या पुढच्या आवृत्त्यांत ही उणीव दूर झाली. आजचे बॅश, झेडशेल आणि फिश देवनागरी नावांच्या फाइली बिनचूक हाताळतात. अडचण उरते ती दिसण्याची: काना, मात्रा आणि जोडाक्षरे किती जागा घेतात याविषयी शेल आणि टर्मिनल यांचा हिशेब जुळला नाही तर कर्सर एकीकडे दिसतो आणि अक्षर दुसरीकडे खोडले जाते.

शेल बदलण्याची कृती छोटी आहे. नवा शेल आधी बसवावा आणि त्याचे नाव टंकून जुन्या शेलच्या आतूनच काही दिवस चालवून पाहावा. नको वाटला तर बाहेर पडले की झाले. कायमचा बदल ‘सीएचएसएच’ या आज्ञेने होतो. मान्य शेलांची यादी प्रणालीच्या एका फाइलीत असते. नवा शेल त्या यादीत नसेल तर सामान्य वापरकर्त्याचा बदल नाकारला जातो. जुन्या शेलच्या सेटिंगच्या फाइली नवा शेल वाचत नाही, म्हणून टोपणनावे आणि प्रोग्राम शोधण्याचा मार्ग नव्याने लिहावा लागतो. लिहून ठेवलेल्या फाइलींना या बदलाने धक्का लागत नाही, कारण त्या कोणी चालवायच्या हे त्यांच्या पहिल्या ओळीतल्या #! या खुणेपुढे लिहिलेले असते. रूट या मुख्य खात्याचा शेल मात्र बदलू नये. नव्या शेलची फाइल बिघडली किंवा ती असलेली डिस्क जोडली गेली नाही, तर यंत्र दुरुस्त करायला आत शिरण्याची वाटच राहत नाही. आणि सीएचएसएच चालवल्यावर चालू असलेली खिडकी लगेच बंद करू नये. दुसऱ्या खिडकीत नवे लॉगिन करून शेल उघडतो याची खात्री झाल्यावरच पहिली मिटवावी.